मुरुंब्याची खात्री भोपाळला झाली, मुंबईची कुठे?

जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात परभणी तालुक्यातले मुरुंबा हे गाव एकाएकी बातम्यांत आले. तिथल्या एका पोल्ट्रीत आठ-नऊशे कोंबड्या पटापट मेल्या होत्या. पशुसंवर्धन खात्याने नमुने घेतले, ते भोपाळला गेले आणि अहवाल आला : बर्ड फ्लू. केरळ, राजस्थान, मध्य प्रदेशात त्या हंगामात तो आधीच पोचला होता. महाराष्ट्रातल्या पहिल्या नोंदींमध्ये परभणीचे नाव लागले. मग जे व्हायचे तेच झाले. एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारून पुरायच्या, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, कोंबड्यांची ने-आण आणि विक्री बंद. कोरोनाने आधीच वर्षभर पिचलेल्या गावात पांढरे पीपीई किट घातलेली माणसे पुन्हा एकदा फिरू लागली, यावेळी कोंबड्यांच्या मागे.

गावासाठी गोष्ट इथे संपते. पण एका पोल्ट्रीतली मर गावाच्या वेशीत राहत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून ती जिल्ह्याला, तिथून पुण्याच्या पशुसंवर्धन आयुक्तालयाला, नमुन्याच्या रूपाने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेला, अहवालाच्या रूपाने दिल्लीला आणि शेवटी एका संगणक प्रणालीतून पॅरिसला जाते. तिथे जागतिक पशुआरोग्य संघटनेचे मुख्यालय आहे. असा रोग नक्की झाला की सभासद देशाने चोवीस तासांत कळवायचे, हा तिचा नियम. त्या नोंदीवर विसंबून दुसरे देश आपल्या बाजारात कुणाची अंडी येऊ द्यायची, कुणाची नाही, हे ठरवतात. परभणीत कधी पाऊल न टाकलेला कुणी अधिकारी परभणीतल्या नोंदीवर विश्वास ठेवतो. तो का ठेवतो, हा साधा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ‘भोपाळ’ हे आहे. ती प्रयोगशाळा बर्ड फ्लूसाठी त्याच जागतिक संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे. मुरुंब्यातले कुणी काही म्हणो, मंत्री काही म्हणोत, नमुना काय म्हणतो ते भोपाळ सांगते आणि जग ते मान्य करते.

दुसरे उत्तर पैशाचे आहे. शेतकऱ्याने मर लपवली तर रोग पसरतो. सांगितली तर त्याची पोल्ट्रीच जाते. म्हणून सरकार मारलेल्या कोंबड्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची भरपाई देते. आधीच मेलेल्या पक्ष्यांची देत नाही. यात थोडी निर्दयता आहे, पण मेख पक्की आहे : जो लवकर सांगेल त्याचे नुकसान कमी. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. पुढच्या वर्षांतली कामाची पद्धत त्या अनुभवातून घडत गेली.

खात्री वेळेवर झाली नाही तर काय होते, हे मराठवाड्याने त्याही आधी पाहिले आहे. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले होते आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि माणसे मिळेल त्या गाडीने सुरत सोडून पळाली. अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली, माल अडवला. हा खरेच प्लेग आहे का, यावर आपल्याच तज्ज्ञांमध्ये बरेच दिवस वाद चालला होता. रोगाने साठ-सत्तरच्या आत माणसे गेली. व्यापार आणि पर्यटनाचे नुकसान मात्र अब्जावधी रुपयांत मोजावे लागले. पुढे २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले, तेव्हा असे अनुभव टेबलावर होते. गंभीर घटनेची खबर चोवीस तासांत द्यायची, बदल्यात इतर देशांनी विनाकारण दारे लावायची नाहीत, असा तो सौदा.

या सौद्याचे पहिले कलम बऱ्यापैकी पाळले जाते, दुसरे फारसे नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन ओळखला, जगाला लगेच सांगितले आणि दोनच दिवसांत त्यांच्या देशाची विमाने बंद झाली. आपलाही अनुभव वेगळा नाही. पुढे डेल्टाच्या घराण्यात मोडलेल्या विषाणूचे सुरुवातीचे नमुने महाराष्ट्रातलेच होते. त्याची जनुकीय रचना इथल्या प्रयोगशाळांनी जगासमोर मांडली आणि जगाने त्याला ‘इंडियन व्हेरियंट’ म्हणायला सुरुवात केली. आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ ला ग्रीक अक्षरे वापरायचे ठरवले, ते याच कारणाने. खबर देणाऱ्याच्याच कपाळी डाग लागत असेल, तर पुढच्या वेळी तो खबर कशाला देईल?

विषाणूची ही जनुकीय माहिती ठेवली जाते ती मुख्यतः ‘गिसएड’ नावाच्या माहितीसाठ्यात. त्याचा जन्मही बर्ड फ्लूच्या भांडणातून झाला. इंडोनेशियाने २००७ च्या सुमारास आपले नमुने बाहेर पाठवणे थांबवले. आमच्या विषाणूवरून श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस बनवणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे कसे चालेल, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. २००८ साली सुरू झालेल्या गिसएडने मधला मार्ग काढला : माहिती सगळ्यांना खुली, पण नाव-गाव नोंदवून आत यायचे, ज्याने माहिती दिली त्याचे श्रेय द्यायचे. पुढे २०२३ मध्ये या संस्थेच्या कारभारावर आणि संस्थापकाच्या वागण्यावरच ‘सायन्स’ नियतकालिकाने प्रश्न उभे केले. जगाच्या भरवशाची तिजोरी म्हणावी आणि तिचा राखणदार कोण, हेच धड कळू नये, असा हा प्रकार. तरीही तिच्यावाचून कुणाचे चालत नाही.

इथपर्यंतची गोष्ट अशी की रोगाच्या बाबतीत गाडी खडखडत का होईना, चालते. संगणकावरच्या हल्ल्यांचे तसे आहे का? त्यासाठी मुरुंब्याच्याच वर्षातला, २०२१ चा १ मार्च हा दिवस पाहू. त्या सोमवारी महाराष्ट्रात दोन बातम्या एकदम आल्या.

पहिली पुण्याची. ‘स्टोन पांडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी हॅकर गटाने सीरम इन्स्टिट्यूट आणि भारत बायोटेक यांच्या संगणक यंत्रणेतल्या फटी हेरल्या आहेत, असे सायफर्मा या खासगी सुरक्षा कंपनीने सांगितल्याचे रॉयटर्सने छापले. याच्या पाचच दिवस आधी, २४ फेब्रुवारीला, देशादेशांत लस वाटण्याच्या कोव्हॅक्स योजनेतल्या लशींची जगातली पहिली खेप घानात उतरली होती. सहा लाख डोस, आणि ते पुण्याच्या सीरमचेच.

दुसरी बातमी मुंबईची. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई महानगराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोरोनाचे रुग्ण असलेली रुग्णालये जनरेटरवर आली. अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीने फेब्रुवारीच्या अखेरीस अहवाल दिला की चीनशी संबंध असलेला एक गट भारताच्या वीजवितरण नियंत्रण केंद्रांत शिरकाव करतो आहे. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध मात्र सिद्ध झालेला नाही, असेही तिने म्हटले. १ मार्चला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्य पोलिसांच्या विभागाचा अहवाल पुढे केला आणि घातपाताचा संशय बोलून दाखवला. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, माणसाची चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. चीनने हात झटकले.

चौघे बोलले, चौघांची चार मते. मुरुंब्याच्या कोंबड्या कशाने मेल्या हे काही दिवसांत ठरले. मुंबई कशाने अंधारात गेली यावर राज्य आणि केंद्र यांचेसुद्धा एकमत झाले नाही. कारण या रोगाचा नमुना पाठवायला भोपाळ नाही. सगळ्यांना मान्य होईल अशी प्रयोगशाळा सायबर जगात नाही. निदान करतात त्या बहुतेक खासगी कंपन्या, आणि त्यांचा धंदा सुरक्षा विकण्याचा. औषधाच्या दुकानदाराने ताप तपासावा तसे हे. निदान चूक असेलच असे नाही, पण ज्याच्यावर आळ आला त्याला ते नाकारायला फार कष्ट पडत नाहीत.

आणि ही वेळ आरोग्यसंकटाची असली की नुकसान साधे राहत नाही. १३ मार्च २०२० ला चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहराच्या विद्यापीठ रुग्णालयावर हल्ला झाला. कोरोनाच्या चाचण्या करणारे ते रुग्णालय, त्यालाच संगणक बंद करून शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आयर्लंडची अख्खी सरकारी आरोग्यसेवा १४ मे २०२१ ला ठप्प झाली; खंडणी मागणाऱ्या टोळीने आठवड्याभरात कुलूप उघडायची किल्ली फुकट दिली, तरी घडी बसायला महिने गेले. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती गोठली. दोन आठवडे केसपेपर हाताने लिहिले गेले. संसदेत उत्तर आले : हल्लेखोर अज्ञात.

मग देशांनी आपसात काही ठरवले आहे की नाही? ठरवले आहे. संयुक्त राष्ट्रांत २०१५ साली अकरा नियम मान्य झाले : दुसऱ्या देशाच्या अत्यावश्यक सेवांवर संगणकातून हल्ला करू नये, अडचणीतल्या देशाने मदत मागितली तर द्यावी, संगणक-आपत्तीत धावून जाणाऱ्या पथकांना लक्ष्य करू नये. आपले असे पथक म्हणजे सर्ट-इन. कोरोनाच्या काळात, मार्च २०२१ मध्ये, सर्व सभासद देशांच्या गटाने आरोग्यसेवा या ‘अत्यावश्यक’मध्ये मोडते हे स्पष्ट केले. मे २०२४ पासून एक संपर्कसूचीही सुरू झाली आहे. संकटात कुणाला फोन करायचा, त्या-त्या देशातल्या अधिकाऱ्यांची नावे तिच्यात असतात. हे काही कमी नाही. शत्रूच्या देशातला फोन कोण उचलणार, हे आधी माहीत असणे म्हणजे निम्मे युद्ध टळणे. पण नियम ऐच्छिक आहेत. आणि ते कुणी मोडले हे कोण ठरवणार, या ठिकाणी कागद कोरा आहे.

तो कोरा राहण्याला कारण आहे. कोंबडीचा नमुना भोपाळला दिला म्हणून मुरुंब्याचे गुपित फुटत नाही. हल्ल्याचा पुरावा द्यायचा म्हणजे आपल्या सर्व्हरच्या नोंदी परक्यासमोर ठेवायच्या, कुठे कच्चे आहोत ते दाखवायचे, आणि गुप्तहेर खात्याला हे कळले कसे, तेही उघड करायचे. मोठे देश याला तयार होत नाहीत. ज्यांना स्वतःला दुसऱ्याच्या घरात डोकवायचे असते ते तर मुळीच नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणक-विषाणूने ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. अमेरिका आणि ब्रिटनने उत्तर कोरियावर जाहीर ठपका ठेवला तो डिसेंबरात. उत्तर कोरियाने तो फेटाळला. तटस्थ तपास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था असावी, असे प्रस्ताव अभ्यासकांनी आणि कंपन्यांनी मांडले. सरकारे त्याभोवती फिरत राहिली.

माझ्या मते सुरुवात आरोग्यापासूनच व्हावी. सगळ्या सायबर भांडणांचा निवाडा करणारी संस्था उद्या होणार नाही. पण फक्त रुग्णालये, प्रयोगशाळा आणि लसकारखाने, तेही फक्त जाहीर झालेल्या आरोग्य-आणीबाणीत, एवढ्यापुरता तटस्थ तपास मागणे अवाजवी नाही. रोगाच्या माहितीसाठी कुणी दिल्लीची परवानगी घेऊन मुरुंब्याच्या पोल्ट्रीत शिरत नाही. नमुना बाहेर येतो, पोल्ट्री बाहेर येत नाही. संगणकाच्या बाबतीतही हल्ल्यात वापरलेली घातक आज्ञावली बाहेर देता येते, रुग्णांची माहिती आत ठेवता येते. भरपाईचे तत्त्वही उचलण्याजोगे आहे. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार आपल्याकडे सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. कळवणाऱ्याला बदनामीशिवाय काय मिळते?

दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेत २० मे २०२५ ला महासाथ करार मंजूर झाला. विषाणूचे नमुने आणि त्यांची माहिती कुणी कशी वाटायची, त्यातून बनलेल्या लशीत देणाऱ्याचा वाटा किती, हे इंडोनेशियाचे जुने भांडण मात्र करारात मिटले नाही. ते जोडपत्रावर ढकलले गेले आणि वाटाघाटी करणाऱ्यांच्या हाती आले.