लुंबिनीची वाट आणि थाई पाहुण्यांचा व्हिसा

बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही महास्थाने भारतात आहेत. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी मात्र नेपाळच्या रुपन्देही जिल्ह्यात आहे. सम्राट अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी तेथे गेला, त्याने शिलास्तंभ उभारला व गावाचा कर कमी केला, तेव्हा आजची सीमा अस्तित्वात नव्हती. आता ती आहे. यवतमाळ जिल्ह्यातून निघणाऱ्या धम्मयात्रेत थाई भिक्खू किंवा एखाद्या कुटुंबाचे थाई आप्त सोबत असतील, तर या सीमेचा विचार यात्रा निघण्यापूर्वी, किंबहुना पाहुण्यांनी भारताच्या व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वीच झाला पाहिजे. तो न झाल्यास पाहुणे लुंबिनीस पोहोचतात, वंदनाही करतात. परंतु त्यांना परत भारतात येता येत नाही.

असे का घडते? ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारानंतर दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात व्हिसाविना जाता येते. गोरखपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवरील सोनौली येथे आपले यात्रेकरू कमानीखालून चालत पलीकडे जातात. या मोकळीकीमुळे सीमेचे गांभीर्यच आपल्या मनातून नाहीसे झालेले असते, आणि पाहुण्यांनाही हाच नियम लागू असावा असे आपण नकळत गृहीत धरतो. वस्तुतः थाई नागरिकाच्या दृष्टीने सोनौली ओलांडणे म्हणजे भारत सोडणे होय. त्याचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो तेथेच संपतो. मुदतीचे कितीही दिवस शिल्लक असले तरी त्यांचा उपयोग राहत नाही.

म्हणून अर्ज भरतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. भारत सरकारने २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू केलेल्या व पुढे ई-व्हिसा या नावाने रूढ झालेल्या सोयीचा लाभ थाई नागरिकांना प्रारंभापासून मिळत आला आहे. पर्यटनाच्या ई-व्हिसावर आप्तेष्टांची भेटही घेता येते. तीस दिवसांच्या ई-व्हिसावर दोन प्रवेश मिळतात, एक वर्षाच्या व्हिसावर अनेक. पण येथे एक मेख आहे. ई-व्हिसावर भारताबाहेर कोणत्याही अधिकृत तपासणी नाक्यावरून जाता येते; प्रवेश मात्र सरकारने जाहीर केलेल्या यादीतील ठिकाणांवरूनच मिळतो. दीर्घकाळ या यादीत केवळ विमानतळ व बंदरे होती, नंतर ती वेळोवेळी वाढत गेली. तेव्हा परतीच्या नाक्याचे नाव यादीत आहे किंवा नाही, हे अर्जाच्या दिवशीच पाहावे. नसल्यास थायलंडमधील भारतीय वकिलातीतून पासपोर्टवर चिकटवला जाणारा नेहमीचा व्हिसा घ्यावा.

आमच्या मते मात्र याहून सोपा उपाय यात्रेच्या क्रमातच आहे. पाहुण्यांनी प्रथम यवतमाळला येऊन आप्तांची भेट घ्यावी, मग बोधगया, सारनाथ, श्रावस्ती, कुशीनगर करून लुंबिनी शेवटी ठेवावी आणि नेपाळमधूनच मायदेशी परतावे. असे केल्यास दुसऱ्या प्रवेशाचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याला हा क्रम गैरसोयीचा वाटतो, कारण परतीच्या वाटेवर पाहुण्यांची सोबत सुटते; पण ती सीमेवर सुटण्यापेक्षा हे बरे.

सोनौलीतील धोका निराळाच आहे. तेथील भारतीय इमिग्रेशन कार्यालय बाजाराच्या रस्त्यावर असून गर्दीत सहज नजरेआड होते. आपली बस न थांबता पुढे गेली, तर पाहुण्यांच्या पासपोर्टवर भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का बसत नाही. पलीकडे बेलहिया येथे नेपाळचे अधिकारी नेमका तोच मागतात. तोही नाका चुकला तर पाहुणा नेपाळमध्ये बेकायदा शिरलेला ठरतो. बसचालकास हे आधी सांगून ठेवावे, आणि पाहुण्यांसोबत एक माणूस दोन्ही कार्यालयांत जावा. नेपाळचा व्हिसा थाई नागरिकास बेलहिया येथेच मिळतो. पंधरा दिवसांसाठी ३० अमेरिकी डॉलर व तीस दिवसांसाठी ५० डॉलर असे त्याचे शुल्क आहे. थेरवादी भिक्खू निस्सग्गिय पाचित्तियाच्या अठराव्या नियमानुसार सोने-रुपे, म्हणजे पैसे, स्वीकारीत नाहीत. हे डॉलर सोबतच्या उपासकाने बाळगावयाचे असतात, हे ऐनवेळी आठवून उपयोग नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत भिक्खूंच्या प्रवासावर मर्यादा असतात, त्यामुळे निमंत्रण अश्विन पौर्णिमेनंतरचेच असावे.

यजमानावरही काही जबाबदारी येते. विदेशी पाहुणा घरी वा विहारात उतरल्यास चोवीस तासांच्या आत त्याची माहिती पोलिसांच्या विदेशी नोंदणी विभागाकडे द्यावी लागते. ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखले जाणारे हे कर्तव्य २०२५ च्या नव्या कायद्यानंतरही कायम आहे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पर्यटन व्हिसावर आलेल्या भिक्खूंना विहारात जाण्यास, वंदनेस व प्रवचन ऐकण्यास मुभा आहे. स्वतः धर्मोपदेश करण्यास किंवा धार्मिक सभेत भाषण करण्यास नाही. तरीही आपण मोठ्या उत्साहाने फलकावर त्यांचे नाव धम्मदेशनेसाठी छापतो. त्यात आपला गौरव होतो, पण अडचणीत ते येतात.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९५६ साली नागपूर येथे दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे होते. ते कुशीनगरात स्थायिक झाले तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत असे. १९३७ साली तो वेगळा झाला. आजच्या भिक्खूंना ती सवलत नाही.

आपल्या स्वतःच्या कागदांविषयी थोडेसे. प्रौढांनी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. केवळ आधार कार्डावर विसंबू नये. ते पंधरा वर्षांखालील मुले व पासष्टपेक्षा अधिक वयाचे ज्येष्ठ यांच्यापुरतेच ग्राह्य धरले जाते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे विहित नमुन्यातील ओळख प्रमाणपत्र चालते. बस स्वतःची असेल तर नेपाळ हद्दीत भन्सार, म्हणजे जकात, भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना घ्यावा लागतो.