अब्बांच्या गाडीला पाचवा गिअर

मधुमेहामुळे अम्मीच्या डोळ्यांच्या पडद्यावर उपचार चालू आहेत. त्यासाठी महिन्यातून दोनदा हिंगोलीहून नांदेड गाठावे लागते. एस.टी.ची धक्काबुक्की तिला सोसत नाही, म्हणून अब्बांची मारुती 800 काढतो. गाडी 1998 ची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते, त्यामुळे नंबर एमएच 22 चा. जिल्हा वेगळा झाला 1999 ला आणि इथल्या गाड्यांना एमएच 38 मिळू लागला. जुना नंबर अब्बा आजही अभिमानाने सांगतात.

गाडी धावते छान. पण कळमनुरी सोडून हायवेला लागले आणि काटा सत्तरच्या पुढे गेला की इंजिन ओरडायला लागते. दवाखान्यातून परतताना डोळ्यांवर पट्टी असलेली अम्मी एकदा म्हणाली, "बेटा, गाडी जरा गप्प बसव ना." त्या दिवशी मी ठरवले की यावर काहीतरी करायचे.

आमच्या उस्तादांनी दोन मिनिटांत कारण सांगितले. "बाजी, इंजिन चांगलं आहे. बिचाऱ्याला पाचवा गिअरच नाही."

मी भाषा शिकवणारी, यंत्रांशी माझा संबंध चावी फिरवण्यापुरता. म्हणून त्यांनी मला सायकलवरून समजावले. गिअरच्या सायकलवर मागचे चक्र मोठे असले की चढ सोपा जातो, पण सपाट रस्त्यावर पाय नुसते भरभर फिरतात. चक्र लहान केले की तेवढ्याच वेगाला पाय सावकाश चालतात. गाडीत इंजिन म्हणजे ते पाय. आमच्या गाडीची चाके 12 इंची, म्हणजे लहान. सत्तरच्या वेगात चौथ्या गिअरवर इंजिन मिनिटाला अंदाजे पावणेतीन ते तीन हजार फेरे घेते. पाचव्यावर हेच काम अडीच हजारांच्या आसपास होते. पाचव्या गिअरने गाडीची ताकद वाढत नाही, इंजिनचे धापा टाकणे तेवढे कमी होते. बरेच लोक इथेच फसतात. त्यांना वाटते, एक गिअर जास्त म्हणजे गाडी जास्त जोरात पळणार.

मग कंपनीने आधीच पाच का दिले नाहीत? 1983 च्या डिसेंबरमध्ये ही गाडी आली तेव्हा साठच्या वर गाडी न्यावी असे रस्ते होते कुठे? नांदेडचा जुना रस्ता आठवा. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, प्रत्येक गावातून बैलगाड्या आणि खड्डे चुकवत जायचे. तिथे चार गिअर पुरून उरायचे. काळ बदलला तसे 2000 ला मारुती 800 मध्येही पाच गिअरचे मॉडेल निघाले, आणि त्याच वर्षी आलेल्या अल्टोला 796 सीसीचेच इंजिन आणि पाच गिअर होते. जिप्सीचेही तसेच झाले. 1985 ला ती चार गिअरची आली, पुढे 1300 सीसीच्या किंगला पाच मिळाले. आता राष्ट्रीय महामार्ग 161 चौपदरी झाला, रस्ता गावांच्या बाहेरून गेला, आणि आमची 1998 ची गाडी मात्र जुन्याच चालीची राहिली.

म्हणजे अल्टोचा गिअरबॉक्स आणायचा. ऐकायला सोपे वाटते. या गाड्यांत इंजिन पुढे आडवे बसवलेले असते आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच घरात असतात. त्यामुळे नुसता डबा बदलून भागत नाही. दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल, गिअरच्या दांडीपासून आत जाणारे रॉड, माउंटिंग, स्पीडोमीटरची केबल, सगळे एकमेकांशी जुळावे लागते. उस्तादांचा सल्ला होता, "एकाच गाडीतून पूर्ण सेट घ्या. चार दुकानांतून गोळा केलेला सामान जन्मात जुळत नाही."

पहिला बॉक्स मी नांदेडच्या एका दुकानातून उचलला. दुकानदाराने शपथेवर सांगितले, "एकदम ओके आहे." उस्तादांनी गाडीला हात लावण्याआधी बॉक्सचे ऑइल एका थाळीत काढले आणि उन्हात धरले. त्यात सोनेरी चुरा चमकत होता. गिअर टाकताना आतली जी पितळी कडी दोन्ही दात्यांचा वेग जुळवते, ती झिजल्याची ही खूण. मुख्य शाफ्टही हाताने हलवला तर डुगडुगत होता. मी बॉक्स परत नेला, तर दुकानदार म्हणाला, "जुन्या मालाची गॅरंटी कोण देतं?" खरे आहे, गॅरंटी कोणी देत नाही. पण ऐब माहीत असून झाकायचा आणि वर शपथ घ्यायची, हा व्यापार आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे त्यालाही ठाऊक होते. खूप बोलणे झाल्यावर त्याने निम्मे पैसे परत केले. बाकीची रक्कम मी शिकवणीची फी समजले.

दुसरा बॉक्स एका अपघातग्रस्त अल्टोचा मिळाला. या वेळी मी त्या गाडीच्या कागदांची झेरॉक्स आणि पावती घेतली, कारण सुट्या भागांच्या बाजारात चोरीचा मालही फिरतो. ऑइल काळे होते, पण चुरा नव्हता. हाताने शाफ्ट फिरवत पाचही गिअर एकेक करून टाकून पाहिले.

काम दोन दिवस चालले. एकदा बॉक्स खाली आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील नवेच घालावे. इथे हजार-दोन हजार वाचवले तर पुढे मजुरी पुन्हा मोजावी लागते. आणखी एक गोष्ट पाहून बरे वाटले. उस्तादांनी पोराला नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ दिले नाही, आधी चारही बाजूंना स्टँड लावले.

आता खर्च. रॉड-अ‍ॅक्सलसह बॉक्स 8000, क्लचचा सेट 2500, ऑइल-सील 1000, मजुरी 3000. एकूण 14,500 रुपये, पहिल्या दुकानात बुडालेले वेगळे. गाडी लिटरला 16 किलोमीटर द्यायची, हायवेवर आता साडेसतरा देते. दोन खेपांचे 340 किलोमीटर धरले तर महिन्याला पावणेदोन लिटरच्या थोडे वर पेट्रोल वाचते. लिटरला 105 रुपये धरले तर 190 रुपये. म्हणजे घातलेले पैसे निघायला सहा वर्षांहून जास्त लागतील! आणि गाडीचे रजिस्ट्रेशन 2028 पर्यंतच आहे. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते वाढवून घ्यावे लागते. 2022 च्या एप्रिलमध्ये ही फी 600 वरून 5000 झाली होती, शिवाय पर्यावरण कर वेगळा. केवळ पेट्रोल वाचवायला कोणी गिअरबॉक्स बदलत असेल तर त्याने हा हिशेब आधी वहीवर मांडावा.

कायद्याचेही विचारून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की, आर.सी.वरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. आर.सी.वर इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, सीसी असते, गिअरची संख्या नसते. तरी मी आर.टी.ओ.त तोंडी विचारण्यावर न थांबता अर्ज दिला आणि विमा कंपनीलाही लेखी कळवले. उद्या अपघात झाला तर वाद कागदावरच होतो.

पहिल्या दिवशी अब्बांनी गाडी मागितली. गल्लीतून बाहेर पडताच चाळीसच्या वेगात त्यांनी पाचवा टाकला. गाडी थरथरली, गुदमरली. "नवा गिअर बेकार आहे," अब्बांनी जाहीर केले. उस्तादांना फोन लावावा लागला. साठ-पासष्टच्या आत पाचव्याला हात लावायचा नाही, आणि चढ किंवा ओव्हरटेक आला की आधी चौथ्यावर यायचे. अब्बा आता साठ झाले की मला विचारतात, "टाकू का?"

गेल्या खेपेला परतताना बाळापूरच्या पुढे अम्मी झोपली होती.

आमच्या शेजाऱ्यांकडे ओम्नी आहे. तीही चार गिअरची. आमची गाडी पाहून तेही उस्तादांकडे गेले. उस्तादांनी विचारले, "गाडी जाते कुठे?" ते म्हणाले, "मोंढ्यात. हळदीची पोती घेऊन." उस्ताद म्हणाले, "मग तुम्हाला पाचवा कशाला? पहिला सांभाळा. क्लच जळत आला आहे तुमचा." आणि त्यांनी फक्त क्लच बदलून दिला.