सगळ्यांना खेळता येईल असा दांडिया

नवरात्रात छत्रपती संभाजीनगरात कर्णपुऱ्याची यात्रा भरते, तसे सोसायट्यांच्या आवारात दांडियेही रंगतात. पण सराईत मध्यभागी आणि नवखे कडेला, असं झालं की रंग ओसरतो. उपाय गाण्यांच्या क्रमात आहे.

सुरुवात दोन टाळ्यांच्या गरब्याने करावी. हात मोकळे असतात आणि पुढच्याकडे पाहून पावलं जमतात. मग संथ लयीचा दांडिया घ्यावा. समोरासमोर दोन रांगा, ठरावीक टिपऱ्या वाजल्या की एक जागा पुढे सरकायचं. जोडीदार बदलत राहतो, त्यामुळे नवख्याला जाणकारही भेटतो. अमेरिकेतल्या काँट्रा नृत्यातही रांगेत समोरची जोडी बदलत जाते. तिथे पुढची चाल पुकारून सांगणारा असतो. आपणही पहिल्या दोन गाण्यांना माइकवरून मोजणी द्यावी.

जलद गाणी मध्यावर ठेवावीत. त्यानंतर भोंडल्याचा एक फेर धरला की आजी आणि नातवंडंही रिंगणात येतात, दमलेल्यांना उसंत मिळते. लहानग्यांची रांग वेगळी असावी, म्हणजे टिपरी लागत नाही.

सवलतीचे दिवस सोडले तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. त्यामुळे शेवटचा सोपा, सर्वांचा गरबा पावणेदहालाच सुरू करावा.