माजघरातल्या अंधारात जांभळी फुले

ताई, माई, आपल्या जुन्या घराचे माजघर डोळ्यांपुढे आणा. जाड मातीच्या भिंती, उजेडाला एखादाच झरोका. चैत्र-वैशाखात गार, थंडीत उबदार. पण भरदुपारीही दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. घरातले म्हातारे माणूस किंवा आजारी माणूस बहुधा याच खोलीत पडून असते. सारे घर शेतावर गेले की त्याच्या नजरेपुढे कणगी, उतरंड आणि भिंत, एवढेच उरते. अंगणातली जास्वंद फुलली तरी ती त्याला दिसत नाही.

अशा खोलीत फुले लावता येतील, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण हे होते. फुलाचे नाव आफ्रिकन व्हायोलेट. फुलझाडांच्या मोठ्या रोपवाटिकांत ते मिळते. वीतभर पसरणारे झाड, मखमलीसारखी लव असलेली जाड पाने, मधोमध जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचा झुबका. ऋतूचा त्याला हट्ट नाही. नीट ठेवले तर वर्षातले बरेच महिने ते फुलावर असते.

हे झाड आले कुठून?

झाडाचे माहेर कळले की त्याची आवडनिवड कळते. पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानिया देशात, उसंबारा नावाचे डोंगर आहेत. तिथल्या दाट रानात, ओढ्याकाठच्या ओलसर खडकांच्या कपारीत हे झाड वाढते. डोक्यावर मोठ्या झाडांचे छत, त्यातून झिरपणारा मऊ उजेड, पायाखाली चिमूटभर माती. तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात असताना सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याला ते दिसले आणि १८९२ च्या सुमारास त्याने ते आपल्या वडिलांकडे जर्मनीला धाडले. १८९३ साली हॅनोव्हरच्या राजबागेतील वेंडलँड या वनस्पतितज्ज्ञाने त्याला सेंटपॉलिया हे नाव दिले. पुढे अमेरिकेतल्या घराघरांत ते पोहोचले. १९४६ साली तिथे या एका झाडासाठी संस्था निघाली. नळीचे दिवे बाजारात आल्यावर तिथल्या बायकांनी घराखालच्या अंधाऱ्या तळघरांत फळ्या मांडल्या, वर दिवे टांगले आणि बाहेर बर्फ पडत असताना आत फुले फुलवली. त्यांचे तळघर तसे आपले माजघर.

आपल्या सह्याद्रीतही या कुळातली झाडे आहेत. पावसाळ्यात घाटातल्या झिरपत्या कातळावर ऱ्हिंकोग्लॉसम नावाची निळ्या फुलांची नाजूक झाडे उगवतात, ती याच गोतातली.

दिवे कसले, किती, कधी?

बाजारात झाडांसाठी म्हणून जांभळ्या-गुलाबी उजेडाचे महाग दिवे मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. साधी पांढऱ्या उजेडाची एलईडी नळी पुरते. चार फूट लांब, दीड फूट रुंद फळीला वीस वॅटच्या दोन नळ्या घ्या आणि एकमेकींपासून नऊ-दहा इंचांवर बसवा. पानांपासून दिव्याची उंची साधारण एक फूट ठेवा.

रोज बारा तास उजेड द्या. रात्रीचा अंधारही या झाडाला हवा. आठ तास तरी दिवे पूर्ण बंद असावेत. उजेडाचे तास दिवसाचेच हवेत असे नाही. वीज केव्हा असते ते पाहून तुम्ही वेळ ठरवा, फक्त ती रोज फार बदलू नका. एखादा दिवस वीज गेली म्हणून झाड मरत नाही.

आता खर्चाचे बघू. वीस वॅटच्या दोन नळ्या बारा तास जळल्या तर रोज जवळजवळ अर्धे युनिट, म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आसपास. तुमच्या बिलावरचा दर पाहून गुणाकार करा, घरात बोला, मगच दिवे आणा. वायरिंग जाणत्या माणसाकडून करून घ्या. बटण आणि जोड पाण्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर असावेत.

मांडणी कशी करावी?

खरे कौशल्य इथे आहे. सारा उजेड सारखा नसतो. नळीच्या मधल्या भागाखाली तो भरपूर, दोन्ही टोकांना कमी. शेतात पाण्याच्या तोंडाशी एक पीक आणि टोकाला दुसरे घेतो, तसेच इथे करायचे.

गडद हिरव्या पानांच्या झाडांना उजेड जास्त लागतो, त्यांना मधली जागा द्या. फिकट पानांची झाडे टोकांकडे ठेवा. नुकतीच लावलेली पाने आणि फुलून दमलेली झाडे अगदी कडेला. काही जाती चार-सहा इंचांच्याच असतात; त्या मोठ्या झाडांच्या ओळीत बुडून जातात. रिकामी कुंडी पालथी घालून त्यावर त्यांना बसवा, म्हणजे त्या दिव्याजवळ येतील. लोंबणाऱ्या जाती फळीच्या पुढच्या काठाला शोभतात.

गर्दी करू नका. आपण सांगितलेल्या फळीवर मोठी झाडे आठच ठेवा. एकाचे पान दुसऱ्याच्या पानाला लागू नये. दाटीने वारा खेळत नाही, पानांवर भुरी येते. आठवड्याला प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवा, म्हणजे झाड एका अंगाला झुकत नाही.

फळ्या एकावर एक असतील तर वरची फळी जास्त तापते हे ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात झाडे खालच्या फळीवर उतरवा.

झाड स्वतः बोलते. पाने देठ लांबवून वर हात जोडल्यासारखी उभी राहिली, फुले येईनाशी झाली, तर उजेड कमी पडतो आहे. पाने कुंडीला मिठी मारल्यासारखी खाली वळली, मधला गाभा आवळला, पाने पिवळट पडली, तर उजेड जास्त झाला. त्याप्रमाणे कुंडी चार बोटे वर-खाली करा आणि पंधरा दिवस वाट पाहा.

माती, पाणी, खत

आपली काळी माती याला चालत नाही, मुळे गुदमरतात. धुतलेले कोकोपीट दोन भाग आणि परलाइट एक भाग असे मिश्रण करा. कुंडी लहानच हवी. झाडाचा पसारा नऊ इंच असेल तर कुंडी तीन इंच पुरे.

ही झाडे सर्वांत जास्त मरतात ती मायेच्या पाण्याने. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी द्या, तेही कोमट आणि पानांवर न सांडता. थंड पाणी पडले की पानांवर पांढुरके डाग उमटतात. कामाच्या दिवसांत वेळ नसेल तर वात लावा. ॲक्रिलिक लोकरीचा किंवा नायलॉनचा दोरा कुंडीच्या भोकातून मातीत घाला आणि दुसरे टोक खालच्या पाण्याच्या डब्यात सोडा. निरांजनाची वात तेल ओढते तशी ही पाणी ओढते. सुताची वात घेऊ नका, ती कुजते.

खत म्हणजे ठिबकातून देतो तेच १९:१९:१९, पण लिटरला पाव ग्रॅम, जास्त नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर तो खतातल्या क्षारांचा. महिन्यातून एकदा साधे पाणी वरून ओतून ते वाहून जाऊ द्या.

नवे झाड आणले की महिनाभर वेगळे ठेवा, बाजारातून आणलेली शेळी लगेच कळपात सोडत नाही तसे. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. गाभ्यातली पाने आक्रसून कडक झाली, तर ते बारीक कोळ्याचे काम असू शकते. असे झाड फेकलेले बरे, नाहीतर सारी फळी जाते.

हौस आणि हिशेब

एका निरोगी पानावरून नवे झाड होते. देठ इंचभर ठेवून तिरका कापा आणि ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. दीड-दोन महिन्यांत बुडाशी पिल्ले दिसतात. फुलाला त्यापुढे सहा महिने तरी लागतात. म्हणून एकदम वीस झाडे विकत आणू नका. दोन आणा, उरलेली पानांवर होतील. विक्रीची स्वप्ने पहिल्या वर्षी नकोत. एक उन्हाळा पार पडू द्या. झाडाला अठरा ते सत्तावीस अंश मानवते. पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत, किंवा जिथे खोलीच्या आतही उन्हाळ्यात उकाडा मावत नाही तिथे, दिवे लावून उपयोग नाही. तिथे हा पैसा वाया जाईल, हे आताच सांगून ठेवतो.

एक गोष्ट मात्र मनात ठेवा. उसंबाराच्या डोंगरांत शेतीसाठी आणि लाकडासाठी रान तुटत गेले. वरचे छत गेले की खडकावर ऊन पडते, ओल आटते आणि हे झाड आपल्या माहेरातून नाहीसे होते. घाटातल्या कातळावरच्या त्याच्या भाऊबंदांचेही तेच आहे. आपल्या बांधावरचे मोठे झाड कुणाकुणावर छत्र धरून असते, ते तोडताना दिसत नाही.

माजघरात फळी बसवलीत तर पहिली कुंडी आजीच्या खाटेसमोर येईल अशी ठेवा. पाव वळसा फिरवायचे आणि माती बोटाने पाहायचे काम तिच्याकडे द्या. संध्याकाळी तुम्ही शेतावरून याल, तेव्हा नवी कळी कुठे आली ते तीच तुम्हाला सांगेल.