मागे बांधलेली गाडी

चौतीस फुटी मोटरहोम घेऊन मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचा ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता चढता येत नाही. १९३३ साली खुला झालेला हा रस्ता कड्याच्या अंगाला चिकटून ६,६४६ फुटांवरच्या लोगन पासपर्यंत जातो. त्याच्या मधल्या, सर्वांत देखण्या टप्प्यावर एकवीस फुटांहून लांब किंवा आठ फुटांहून रुंद वाहनाला बंदी आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको ओहायोहून तिथवर गेलो ते हे एकच मोठं वाहन घेऊन. पार्कच्या बसने डोंगर पाहिले, समाधानही झालं. पण पुढच्या साऱ्या प्रवासात अडचण तीच. दूध संपलं, औषध हवं झालं, संध्याकाळी तळ्यावर जावंसं वाटलं, की अख्खं घर आवरायचं. विजेची केबल काढायची, पाण्याचा पाइप गुंडाळायचा, बाहेर सरकवलेली खोली आत घ्यायची, जॅक उचलायचे आणि मग एवढं धूड गावातल्या दुकानाशी कुठे लावायचं याचा शोध. घरी परतल्यावर ठरलं, पुढच्या वर्षी मागे कार बांधायची.

ही २०१३ ची गोष्ट. त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत देशाचा बराच भाग आम्ही या जोडगाडीने पाहिला. मागे वळून पाहताना मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं ते डोंगर-दऱ्यांबद्दल नाही, त्या मागच्या गाडीबद्दल. तिच्यात ड्रायव्हर नसतो. तिचं टायर बसलं, ब्रेक चिकटला, दिवा गेला, तरी ती सांगू शकत नाही आणि पुढच्या दहा टनी वाहनात बसून ते जाणवतही नाही. त्यामुळे तिची सगळी काळजी गाडी उभी असतानाच घ्यावी लागते. चालत्या रस्त्यावर फार थोडं आपल्या हाती उरतं.

कार मागे न्यायच्या तीन रीती आहेत. ट्रेलरवर चढवायची, पुढची दोन चाकं छोट्या डॉलीवर ठेवायची किंवा चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो-बारने ओढायची. ट्रेलरचं स्वतःचं वजन पडतं, आणि कॅम्पग्राउंडमध्ये रिकामा ट्रेलर किंवा डॉली ठेवायला जागा लागते. म्हणून बहुतेकांप्रमाणे आम्हीही तिसरी रीत धरली. पण ती प्रत्येक गाडीला चालत नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकांबरोबर आतले भाग फिरत राहतात आणि त्यांना तेल मिळत नाही. शे-दीडशे मैलांत गिअरबॉक्स जळू शकतो. म्हणून गाडी घेण्याआधी विक्रेत्याच्या शब्दावर न जाता त्या वर्षीच्या, त्या मॉडेलच्या मालक-पुस्तिकेत ‘चारही चाकांवर ओढता येते’ असं छापलेलं आहे का, हे स्वतः वाचावं. आम्ही २०१२ ची होंडा सीआर-व्ही घेतली ती असंच वाचून.

तिचा विधी ठरलेला आहे. ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू करायचं, गिअर सगळ्या जागांवरून फिरवायचा, ‘डी’मध्ये थोडा वेळ धरायचा, मग ‘एन’मध्ये आणून इंजिन तीन मिनिटं तसंच चालू द्यायचं. ‘आर’मधून थेट ‘एन’मध्ये आणून ओढलं तर गिअरबॉक्सचं नुकसान होतं. मग किल्ली अशा जागी ठेवायची की इंजिन बंद, पण स्टिअरिंगचं कुलूप उघडं. वेग ताशी ६५ मैलांच्या आत. आठ तासांहून जास्त ओढायची असेल तर पुन्हा सारं पहिल्यापासून. किल्ली दिवसभर त्या जागी राहिली की कारची बॅटरी उतरते. आम्ही मोटरहोमवरून एक तार ओढून ती चालता चालता चार्ज होईल अशी सोय करून घेतली. ही तार मला सगळ्या सुधारणांत मोलाची वाटते, कारण दिवसभराच्या प्रवासानंतर अनोळखी रानात कार सुरूच न होणं ही गंमत नव्हे.

वजनाचं गणित मात्र सगळ्यांनाच चकवतं. आमचं मोटरहोम फोर्डच्या एफ-५३ चॅसीवरचं, पेट्रोलचं व्ही-१० इंजिन असलेलं. कार जोडायच्या मागच्या हिचवर ठसा आहे ५,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे २,२७० किलोंचा. तो पाहून माणूस निश्चिंत होतो. पण चॅसीची स्वतःची मर्यादा २२,००० पौंड आणि पुढची-मागची गाडी मिळून मर्यादा २६,००० पौंड. म्हणजे मोटरहोम पूर्ण भरलेलं असेल तर मागे ओढायला उरतात चारच हजार, हिच काहीही म्हणो. आणि घर भरायला वेळ लागत नाही. ७५ गॅलन पाण्याची टाकी भरली की सुमारे २८० किलो वाढतात. त्यात डाळ-तांदळाचे डबे, पुस्तकं, नातवंडांच्या सायकली.

यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे: काट्यावर जाणं. महामार्गांवरच्या ट्रक-थांब्यांवर कॅट कंपनीचे वजनकाटे असतात. १९७७ पासून ट्रकवाले त्यांच्यावर विसंबून आहेत. तीन लोखंडी पाटांवर पुढचा आस, मागचा आस आणि कार अशी तीन वजनं वेगवेगळी छापून मिळतात. आयोवातल्या वॉलकॉट गावी, जगातला सर्वांत मोठा म्हणवणाऱ्या ट्रक-थांब्यावर, आम्ही प्रवासाच्या पूर्ण सामानासह पहिल्यांदा वजन केलं: मोटरहोम २१,४०० पौंड, कार ३,५०० पौंड. मर्यादेत होतो. पण त्या चिठ्ठीचा खरा उपयोग टायरसाठी झाला. प्रत्येक आसावर किती भार आहे ते कळलं, की टायर कंपनीच्या तक्त्यातून हवेचा दाब नेमका ठरवता येतो. अंदाजाने हवा भरणारे कितीतरी लोक मी पाहिले. या एका बाबतीत मी ओळख नसलेल्यालाही थांबवून सांगते.

गाडी जोडायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी कुणाला देत नाही. आपल्या घाटात ट्रकचा क्लीनर जसा आधी उतरून चाकं, दोर, दिवे बघतो आणि मगच ड्रायव्हरला हात दाखवतो, तसं ते आहे. टो-बार जवळपास सपाट हवा, हिच आणि कारच्या जोडाच्या उंचीत तीन इंचांहून फरक नको, नाहीतर जोरात ब्रेक लावल्यावर मोटरहोम कारवर स्वार व्हायला बघतं. दोन्ही पिना, त्यांच्या क्लिपा, सुरक्षेच्या केबली टो-बारखालून फुलीसारख्या. दिव्यांची तार. मोटरहोमबरोबर कारचेही ब्रेक दाबणारा, कारच्या आतला ब्रेकचा खोका, आणि जोड तुटलाच तर कारचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक केबल. मग मोटरहोम सरळ रेषेत हळू पुढे घ्यायचं, टो-बारचे दोन्ही हात खटकन बसेपर्यंत. मग दिवे: डावा, उजवा, ब्रेक. शेवटी मी बाजूला उभी राहून कारची चारही चाकं फिरताना पाहते. हँडब्रेक राहिला असेल तर तो तिथेच कळतो. हे चालू असताना आमच्यात बोलायचं नाही, शेजाऱ्यांशीही नाही. कॅम्पग्राउंडमधली माणसं मोकळी आणि मदतीला तत्पर असतात, पण गप्पांच्या ओघात एखादी क्लिप राहून जाते. ‘जोडून झालं की येते,’ असं सांगितलं की सगळे समजून घेतात.

ब्रेकच्या खोक्याबद्दल ‘कार हलकी आहे, कशाला हवा?’ असं म्हणणारे भेटतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. दीड टनाची कार ताशी साठ मैलांनी मागून ढकलत असेल, तर तिला थांबवण्याचं काम पुढच्या ब्रेकनी का करावं? बऱ्याच राज्यांत ठरावीक वजनापुढे तो कायद्यानेच लागतो. मात्र तो बेताने जुळवावा लागतो. फार हळवा ठेवला तर लांब उतारावर कारचे ब्रेक सतत घासत राहतात आणि तापतात.

उतारांवरून आठवतो कोलोरॅडोतला आय-७० महामार्ग. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार सलग मैलोगणती. रस्त्याकडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे चढते फाटे केलेले आहेत. ते पाहिले की त्या उताराचा स्वभाव कळतो. ओझं ओढतानाचं ‘टो-हॉल’ बटण दाबून, खालचा गिअर घेऊन, वेग उतार सुरू व्हायच्या आधीच कमी करायचा. इंजिन ओरडतं. ओरडू द्यावं, ते त्याचं कामच आहे. ब्रेक लावायचा तो जरा दाबून, वेग उतरला की पाय काढायचा. हलका पाय सतत ठेवला की ब्रेक तापून निकामी होतात. आणि शेजारी बसलेल्या माणसाने टायरच्या पडद्यावर डोळा ठेवायचा. प्रत्येक चाकावरचा सेन्सर हवेचा दाब आणि तापमान दोन्ही दाखवतो. कारच्या एकाच चाकाचं तापमान चढत असेल तर तिथला ब्रेक चिकटलाय, पहिल्या रुंद जागी थांबायचं. मागच्या कारचं टायर फाटून रिमपर्यंत घासलं तरी मैलोन् मैल पत्ता न लागलेले प्रवासी आम्हाला भेटले आहेत. त्यांचं दुर्लक्ष नव्हतं, त्यांना कळायला काही साधनच नव्हतं.

टायरचं आणखी एक. मोटरहोमची टायरं झिजण्याआधी म्हातारी होतात. नक्षी नव्यासारखी असते आणि आत रबर कडक झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडी तारीख कोरलेली असते: ‘३२१४’ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की आम्ही बदलतो, नक्षी कितीही चांगली असली तरी.

चार चाकांवर ओढलेली कार घेऊन उलटं जाता येत नाही, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. मागे ढकलताच कारची पुढची चाकं वळून आडवी होतात, गाडी फरफटते आणि टो-बार वाकतो. म्हणजे आमची सुमारे चोपन्न फुटांची रांग फक्त पुढेच जाऊ शकते. म्हणून पेट्रोल पंपात शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसलीच पाहिजे. उद्याच्या पंपाचा उपग्रहावरून काढलेला फोटो आदल्या रात्री बघून ठेवायची सवय मला यातूनच लागली, आणि आता कोणत्याही गावी गेलं तरी मी आधी तेच पाहते. अडकलोच तर कार सोडवावी लागते, आणि वळणात अडकलेल्या पिना ताणामुळे निघता निघत नाहीत.

उंचीही तशीच. डॅशबोर्डवर आमची उंची फूट-इंचांत लिहून चिकटवली आहे, छतावरचा एसी धरून. शेनंडोआच्या स्कायलाइन ड्राइव्हवरचा मेरीज रॉक बोगदा १२ फूट ८ इंचांचा आहे, तर नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमचा रेल्वेपूल इतक्या गाड्यांची छतं सोलत राहिला की २०१९ मध्ये तो आठ इंच उचलावा लागला. फोनवरचा नेहमीचा नकाशा आपल्याला कार समजतो. मोटरहोमची मापं भरता येणारा नकाशाच वापरावा.

वाऱ्यापुढे हुशारी चालत नाही. वायोमिंगमध्ये लॅरॅमी ते रॉलिन्स हा आय-८० चा पट्टा हलक्या आणि उंच वाहनांना कधी कधी बंद करतात. एकदा तसं झालं तेव्हा आम्ही लॅरॅमीत थांबून राहिलो, पिठलं-भात केला, दुसऱ्या सकाळी निघालो. रोज फार तर तीनशे मैल आणि दुपारी तीनपर्यंत मुक्काम हा इथल्या जुन्या मंडळींचा नियम आम्हीही धरला. उजेडात जागा लावणं आणि अंधारात लावणं यात फार अंतर आहे.

घरातल्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या. मैल्याच्या टाकीची झडप टाकी बरीच भरेपर्यंत बंदच ठेवायची आणि रिकामी करताना आधी मैला, मग सांडपाणी, म्हणजे पाइप धुतला जातो. विजेच्या ३० अँपिअरच्या खांबावर जेमतेम ३,६०० वॉट मिळतात. ५० च्या खांबावर दोन तारांतून प्रत्येकी ५०, म्हणजे १२,०००. हा फरक नावावरून कळत नाही. तीसवर एसी आणि इंडक्शन एकदम लावलं की अंधार. फोडणी बाहेर, छपरीखाली. आत मोहरी तडतडली की धुराचा गजर होतो.

पुण्यातला भाचा विचारतो, इकडे असं करता येईल का. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याचा उत्साह वाढला आहे. मी त्याला सांगते, छोटीच गाडी घे. आपले घाट आणि गावातले रस्ते पाहता मागे कार बांधायचा विषयच नको. छोटं वाहन स्वतःच बाजारात जातं.

इथे अमेरिकेत मात्र काळ बदलला. सीआर-व्ही २०१४ पर्यंतचीच अशी ओढता येते. २०१५ पासून अमेरिकेतल्या मॉडेलचा गिअरबॉक्स बदलला आणि पुस्तिकेतली परवानगी गेली. इतर कंपन्यांच्या कितीतरी गाड्यांचं तेच झालं. पूर्ण विजेच्या गाड्या तर बहुतेक चारही चाकांवर ओढायला मनाईच, कारण चाकं फिरली की मोटरही फिरून वीज तयार करू लागते. कॅम्पग्राउंडमध्ये आमच्या सीआर-व्हीला आता लोक विकणार का म्हणून विचारतात. विकणार नाही, पण तिचं वय झालंय. डोळ्यांसमोर आहे ती जीप रँग्लर. तिचा ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकला की गिअरबॉक्स चाकांपासून सुटतो, तीन मिनिटांचा विधीही नको. अडचण वजनाची. चार दारांची रँग्लर चार हजार पौंडांच्या बरीच वर जाते आणि आम्हाला २६,००० पर्यंत उरतात ४,६००. आकड्यांत बसते, पण टो-बार, ब्रेकचा खोका आणि कारमध्ये टाकलेलं सामान धरलं तर हात राखायला फारसं काही उरत नाही. पाण्याची टाकी एक तृतीयांश भरून निघालो तर चारशेच्या वर पौंड सुटतील आणि पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरता येईल. दोन दारांची घेतली तर आणखी मोकळीक, पण नातवंडं मागे बसणार कशी? येत्या वसंतात मोटरहोम पुन्हा काट्यावर नेऊ आणि मग ठरवू.