विश्लेषण : घरगुती ‘नाइट व्हिजन’ कसं चालतं? धोका कुठे असतो?

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. अनेक फोनच्या पडद्यावर लुकलुकणारा ठिपका दिसतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ब्रिटनमधले एअर रायफलचे काही हौशी नेमबाज याच तत्त्वावर घरच्या घरी ‘नाइट व्हिजन’ बनवतात आणि शेतावरचे उंदीर रात्री टिपतात.

काय लागतं?
इन्फ्रारेड किरण अडवणारा फिल्टर नसलेला छोटा सीसीटीव्ही कॅमेरा, लहान स्क्रीन, बॅटरी आणि इन्फ्रारेड टॉर्च. रायफलवरच्या दुर्बिणीला जिथे डोळा लावतात, तिथे कॅमेरा नळीत घट्ट बसवतात.

टॉर्च कोणता?
८५० नॅनोमीटरचा टॉर्च चित्र उजळ देतो, पण त्याची मंद लाल चमक दिसते. ९४० चा दिसत नाही, मात्र चित्र अंधूक येतं. झोत दिसत नसल्याने डोळे आपोआप मिटत नाहीत. म्हणून टॉर्चमध्ये डोकावू नये.

धोका कुठे?
झोत पडतो तेवढंच स्क्रीनवर दिसतं. पलीकडे गुरं आहेत की माणूस, हे कळत नाही. चमकणारे डोळे मांजराचेही असू शकतात. त्यामुळे सुरुवात कागदी लक्ष्यापासून करावी आणि जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी.

कायदा काय सांगतो?
इंग्लंड-वेल्समध्ये १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला प्रौढांना परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून प्रमाणपत्र लागतं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार गुन्हा आहे, मग बंदूक छऱ्याची का असेना.