किशोरांचा आहार आणि शाळेतील संगणक

पौष्टिक आहार कोणता हे बहुतेक किशोरांना सांगता येते, पण सांगता येते म्हणून तो त्यांच्या ताटात येतोच असे नाही, आणि आहारशिक्षणापुढची खरी अडचण हेतू आणि कृती यांच्यातील या अंतराची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुक्त शर्करेतून, म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या साखरेतून तसेच मध, पाक आणि फळांचे रस यांतील साखरेतून मिळणारी ऊर्जा, दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी. 2000 किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे 50 ग्रॅम ठरते, तर कोलाच्या 330 मिलिलिटरच्या एका कॅनमध्येच साधारण 35 ग्रॅम साखर असते. तेरा वर्षांच्या मुलालाही हा हिशेब समजतो. तो समजूनही मधल्या सुट्टीत हात कॅनकडेच का जातो, हे शोधण्यासाठी काही देशांतील शाळांनी संगणकाची मदत घेतली.

नेदरलँड्समधील ‘फॅटेन्टफॅट’ हा कार्यक्रम या दृष्टीने विशेष अभ्यासण्यासारखा आहे. त्याचा आधार व्यक्तिसापेक्ष मार्गदर्शन हा होता: विद्यार्थी आपल्या खाण्यापिण्याविषयीची प्रश्नावली भरतो, संगणक त्याची उत्तरे शिफारशींशी ताडून पाहतो आणि आधी लिहून ठेवलेल्या संदेशांच्या साठ्यातून त्याला लागू पडतील तेवढेच संदेश त्याच्यापुढे ठेवतो. भरलेल्या वर्गात प्रत्येकाला असा वेगळा सल्ला देणे एकट्या शिक्षकाला शक्य नसते. त्याच्या जोडीला विद्यार्थ्याकडून ‘अमुक प्रसंग आला तर मी तमुक करीन’ अशा स्वरूपाचा नेमका बेत करून घेतला जातो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेल्या या तंत्रामागचा विचार असा की, प्रसंग आणि कृती यांची सांगड आधीच घातलेली असली तर ऐन वेळी मनाशी झगडावे लागत नाही.

वीस शाळांमधील 12-13 वर्षांच्या 883 विद्यार्थ्यांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. चार महिन्यांनंतर कार्यक्रमातील मुलांमध्ये दिवसाला 400 मिलिलिटरहून अधिक गोड पेये पिणाऱ्यांचे प्रमाण तुलनागटापेक्षा कमी होते, अरबटचरबट खाणे घटले होते आणि भाज्या वाढल्या होत्या. मात्र दोन वर्षांनंतर शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, आणि कमरेचा घेर यांत फरक आढळला नाही. शिवाय आहारातील बदल मुलांनी स्वतः नोंदवलेले होते, आणि अपेक्षित उत्तर लिहिण्याकडे मनुष्याचा कल असतोच, हेही विसरून चालत नाही. तरीही हा कार्यक्रम फसला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण काही तासिकांनी चार महिने टिकणारा बदल घडवणे ही लहान गोष्ट नाही. त्यानंतर तो बदल सांभाळण्याचे काम उपाहारगृहाने आणि घराने करायचे असते.

अमेरिकेतील क्रिस्टोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र सल्ल्याचा रोखच बदलला. भविष्यातील मधुमेहाची भीती या वयाला दूरची वाटते, पण कोणी आपल्याला फसवते आहे ही जाणीव लगेच झोंबते. म्हणून टेक्सासमधील आठवीच्या मुलांना, खाद्य कंपन्या व्यसन लागावे असे पदार्थ कसे घडवतात आणि त्यांच्या जाहिराती लहानांना कशा लक्ष्य करतात, याविषयीचा मजकूर वाचायला दिला गेला; 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर टॅब्लेटवरील जाहिरातींवर खाडाखोड करून त्या ‘खऱ्या’ करण्याचे कामही मुलांनाच दिले होते. येथे मुलांच्या सांगण्यावर विसंबून न राहता उपाहारगृहातील प्रत्यक्ष खरेदीच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि मुलग्यांच्या अपायकारक खरेदीतील घट तीन महिने टिकून राहिली. मुलींमध्ये नेहमीच्या आरोग्यशिक्षणाच्या तुलनेत असा सरस परिणाम दिसला नाही. एकच संदेश सर्वांना सारखा लागू पडत नाही, याचा हा आणखी एक पुरावा होय.

हे कार्यक्रम भारतात आणायचे तर भाषांतर पुरेसे होणार नाही. 2016-18 च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातील सुमारे 24 टक्के मुले वयाच्या मानाने कृश आणि 5 टक्के अतिवजनाची आढळली, तर 28 टक्क्यांना रक्तक्षय होता. लठ्ठपणा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला ‘कमी खा’ हा संदेश अशा वर्गात सरसकट दाखवणे धोक्याचे आहे. महाराष्ट्रातील शाळेसाठी प्रश्नावलीत वडापाव, फरसाण, बिस्किटे आणि चहातील साखर यांची विचारणा हवी, आणि रक्तक्षय असलेल्या किशोरीला संगणकाने उष्मांक मोजायला लावण्याऐवजी डाळ, कडधान्ये आणि पालेभाज्या वाढवण्यास, जेवणात लिंबू पिळण्यास आणि जेवणालगतचा चहा टाळण्यास सांगायला हवे, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते आणि चहातील टॅनिनमुळे ते घटते.